निराशा आकाशातून पडत नाही

पुढे दोन्ही गोष्टींचे शेवट फोडलेले आहेत. 'फायनल फँटसी फोर्टीन' खेळायचा आहे पण अजून तिथवर पोचलो नाही, असं ज्यांचं असेल त्यांनी हा लेख बाजूला ठेवावा. शंभर-दीडशे तासांनी परत भेटू. ज्यांनी हा गेम कधी उघडलाच नाही आणि उघडणारही नाहीत, त्यांनी मात्र खुशाल वाचावं. भांडण समजायला गेम यावा लागत नाही.

भांडण असं आहे: या गेमचं 'शॅडोब्रिंगर्स' हे एक्स्पान्शन जुलै २०१९ मध्ये आलं आणि 'एन्डवॉकर' डिसेंबर २०२१ मध्ये. यातली गोष्ट कुठली भारी, यावर खेळणारे तेव्हापासून वाद घालताहेत. दोन्हींच्या मुख्य लेखिका एकच, नात्सुको इशिकावा. निर्माता-दिग्दर्शक एकच, नाओकी योशिदा. संगीत दोन्हीकडे मासायोशी सोकेनचं. म्हणजे एकाच माणसांनी अडीच वर्षांच्या अंतरानं एकच प्रश्न दोनदा विचारला आहे: सगळं संपलेलं दिसत असताना पुढे कशासाठी जगायचं? पहिल्यांदा दिलेलं उत्तर मला पटतं. दुसरं पटावं असं फार वाटतं, पण पटत नाही. माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. आमच्याकडे हा प्रश्न कादंबरीतला नाही, त्यामुळे त्याचं उत्तर कुणी कसं दिलं हे मी जरा बारकाईनं बघतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. हा गेम २०१० मध्ये आला तेव्हा इतका वाईट होता की कंपनीनं तो दुरुस्त करण्याऐवजी बुडवला. नोव्हेंबर २०१२ मध्ये आकाशातला चंद्र जमिनीवर पाडून, त्यातून एक ड्रॅगन बाहेर काढून त्यांनी अख्खं जग जाळलं, सर्व्हर बंद केले आणि २०१३ मध्ये त्याच जागी नवं जग उभं केलं. स्वतःचाच प्रलय कथेत घेणारा दुसरा गेम मला माहीत नाही. या गेमला शेवट, विनाश, राखेतून उठणं वगैरे विषयांची हौस आहे ती तिथपासून. भारतात याचा सर्व्हर नाही. आपण जपानच्या किंवा युरोपच्या सर्व्हरवर जाऊन बसायचं आणि जमिनीवरचा लाल गोल दिसेपर्यंत त्यात मरून पडायचं. गोष्टीला मात्र पिंग लागत नाही.

'शॅडोब्रिंगर्स'ची कल्पना एका वाक्यात सांगता येते: या जगात उजेड हेच संकट आहे. आपला नायक एका समांतर जगात ओढला जातो. तिथल्या वीरांनी शंभर वर्षांपूर्वी अंधाराचा इतका पक्का पराभव केला, की उजेडाचा पूर आला आणि नॉर्व्ह्रांट नावाचा एक तुकडा सोडून सगळी पृथ्वी पांढरी, निर्जीव झाली. उरलेल्या तुकड्यात शंभर वर्षं रात्र झालेली नाही. मे महिन्यात यवतमाळच्या बसस्टँडवर दुपारी दोनला उभं राहिलेल्या माणसाला ही कल्पना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. उजेड म्हणजे ज्ञान, उजेड म्हणजे देव, हे शाळेतल्या प्रार्थनेत ठीक असतं. एप्रिल लागला की आमच्याकडे सावलीलाच देव म्हणायची पाळी येते. म्हणूनच पहिल्यांदा रात्र परत येते, लोक दारं उघडून बाहेर येतात, मान वर करून नुसते बघत राहतात, तो प्रसंग माझ्यावर जास्तच चालला असेल. तेवढी सूट वाचकांनी द्यावी.

पण ही कल्पना नुसती हुशारीवर संपत नाही, ती माणसांपर्यंत उतरते. सुरुवातीलाच गेम विचारतो, आधी कुणाला भेटायचं, अल्फिनोला की अ‍ॅलिझेला? ही जुळी भावंडं दोन वेगळ्या ठिकाणी अडकलेली असतात. अ‍ॅलिझे वाळवंटातल्या एका आश्रयस्थानात आहे. तिथे उजेडाची बाधा झालेले रुग्ण ठेवलेत. ते हळूहळू राक्षस होणार, त्यावर औषध नाही. टेस्लीन नावाची मुलगी त्यांची सेवा करते. कोणाला काय खायला आवडतं हे ती विचारून ठेवते, कारण वेळ आली की त्याच पदार्थातून त्यांना विष द्यायचं असतं. गेम हे ओरडून सांगत नाही. संवाद पुढे सरकतो आणि आपल्याला दोन ओळींनंतर कळतं की आत्ता आपण काय ऐकलं. मग टेस्लीन एका मुलाला वाचवताना स्वतःच बाधित होते, आणि पुढच्याच लढाईत तिच्याशी लढावं लागतं. इतर गेममध्ये शत्रूच्या डोक्यावर नाव दिसतं ते लक्ष्य कुठलं हे कळावं म्हणून. इथे ते नाव वाचून बोट बटणावर थांबतं.

अल्फिनोकडे गेलात तर खोलूझिया. हा भाग मला या एक्स्पान्शनचा कणा वाटतो, आणि यावर लिहिलेलं फार कमी दिसतं. किनाऱ्यावर यूलमोर नावाचा उंच मनोरा आहे, त्यात श्रीमंत राहतात. ज्यानं सगळी मालमत्ता शहराला दिली त्याला आत जागा मिळते, आणि मग मरेपर्यंत नाचगाणं आणि जेवण. जग संपणारच आहे तर उद्याची तजवीज कशाला, हे त्यांचं तत्त्वज्ञान. मनोऱ्याच्या पायथ्याशी पत्र्या-फळ्यांची वस्ती. तिथले लोक कधीतरी आत नोकर म्हणून निवड होईल या आशेवर बसलेत. अधूनमधून आतून विदूषकाच्या वेशातली माणसं येतात, 'मिओल' नावाचं पांढरं खाणं वाटतात, दोघा-चौघांना निवडून नेतात. आजूबाजूची गावं ओस पडली आहेत, कारण कुणाला काही पिकवायचं किंवा बनवायचंच नाही, सगळे रांगेत आहेत. मिओल कशापासून बनतं हे नंतर कळतं आणि पोटात ढवळतं: राक्षस झालेल्या माणसांपासूनच.

इथे निराशेला एक व्यवस्था आहे, तेवढंच माझं म्हणणं आहे. कुणीतरी तिच्यातून जागा मिळवतंय, कुणीतरी तिच्या बदल्यात खाणं वाटतंय, कुणी रांगेत उभं आहे. यूलमोरच्या बाहेरचे लोक मनानं कमकुवत आहेत असं गोष्ट एकदाही म्हणत नाही. त्यांच्यासमोर दुसरं काही ठेवलेलंच नाही. आणि व्यवस्था बदलते तेव्हा ती भाषणानं बदलत नाही. यूलमोरचा राज्यकर्ता वॉथ्री अख्खा डोंगर उचलून आकाशात पळतो. तिथवर पोचायला कालपर्यंतचे आळशी श्रीमंत, पायथ्याचे भिकारी, डोंगरातले बुटके कारागीर असे सगळे मिळून एक अजस्र यंत्रमानव उभा करतात. ऐषोआरामात लोळत पडलेला चाय-नझ नावाचा माणूस मुळात असल्या यंत्रांतला जाणकार निघतो. त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा कामाची काळजी दिसते, तेव्हा मला आमच्या ऑफिसमधले 'नोटीस पिरियड'वर असलेले लोक आठवले, ज्यांना शेवटच्या आठवड्यात अचानक खरा प्रॉब्लेम सोडवायला मिळतो.

मग एमेट-सेल्क. खलनायक म्हणून तो येतो आणि अर्धी गोष्ट आपल्यासोबत चालतो. कुरकुरत, झोपा काढत, टोमणे मारत. तो बारा हजार वर्षं जुना आहे. त्याचं जग आपल्या जगाच्या आधीचं, अखंड होतं. ते कोसळलं, आणि ते परत आणण्यासाठी तो आजची जगं एकेक करून बुडवतो आहे. शेवटाकडे समुद्राच्या तळाशी आपण त्याचं शहर बघतो, आमारोट. त्यानं ते जादूनं, आठवणीतून जसंच्या तसं उभं केलंय. पंधरा-वीस फुटी काळ्या झग्यातली माणसं आपल्याला लहान मूल समजून वाकून, प्रेमानं बोलतात. आपण त्यांच्या कार्यालयांतून हिंडतो, त्यांच्या चर्चा ऐकतो. त्यांना माहीत नाही की ते सावल्या आहेत. एक सावली सोडून.

लढाई होते, आपण जिंकतो. पण आपण बरोबर होतो म्हणून जिंकलो असं गेम म्हणत नाही. त्याचं दुःख खरं आहे, त्याचे लोक खरंच चांगले होते आणि आपल्या जगण्याची किंमत त्यांचं कायमचं नसणं ही आहे. तो जाता जाता एकच मागतो: आम्ही होतो हे लक्षात ठेव.

या मागण्याचं वजन मला का जाणवतं ते सांगतो. साहेबराव करपे हे आमच्याच जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी. १९ मार्च १९८६ रोजी त्यांनी बायको आणि चार मुलांसह आयुष्य संपवलं. महाराष्ट्रातली पहिली जाहीर नोंद झालेली शेतकरी आत्महत्या म्हणून ती ओळखली जाते. २०१७ पासून दर १९ मार्चला राज्यात ठिकठिकाणी लोक एक दिवस अन्नत्याग करतात. त्यानं कर्ज फिटत नाही, भाव वाढत नाही. उपवास करणाऱ्यांनाही ते माहीत आहे. तरी करतात. 'लक्षात ठेव' या मागणीला दिलेलं ते उत्तर आहे, आणि 'शॅडोब्रिंगर्स' ज्या मोजक्या गोष्टींना असं उत्तर समजतो त्यात मी त्याची गणना करतो. एका माणसाचं नाव, एका गावाचं नाव, एक तारीख.

याच गोष्टीत आणखी एक धागा आहे, तो मी कुणालाही सांगायला लागलो की गळा भरून येतो म्हणून पटकन सांगतो. आपल्याला बोलावून घेणारा क्रिस्टल एक्झार्क भविष्यातून आलेला आहे. त्या भविष्यात आपला नायक मेलाय आणि जग उद्ध्वस्त झालंय. तिथल्या लोकांनी दोनशे वर्षं, पिढ्यान्पिढ्या खपून, एका माणसाला मागे पाठवायचं तंत्र तयार केलं. त्यांचं स्वतःचं जग त्यानं वाचणार नव्हतं. वाचलंच तर दुसरंच एखादं, जे ते कधी बघणार नाहीत. डाक्युमेंटेशन लिहून नोकरी सोडणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरनं हा भाग बघावा.

आता 'एन्डवॉकर'.

त्याची सुरुवात तर आपल्याला घरचं आमंत्रण आहे. थावनेर नावाच्या बेटावर माणसांना 'मनुष्य' म्हणतात, ड्रॅगनचं नाव वृत्र, कोळ्याचं नाव मत्स्य आणि एका जंगलाचं नाव वनस्पति. (हे शेवटचं वाचून मला पहिल्यांदा डालडाचा डबाच आठवला, ते असो.) वृत्र तर वेदांतला पाणी अडवून बसणारा, ज्याला मारून इंद्र पाणी मोकळं करतो. इथे तोच शेकडो वर्षं माणसांना गुपचूप सांभाळणारा राजा आहे. आपली नावं जपान्यांनी आपल्याहून जास्त धीटपणे वापरली.

याच थावनेरमध्ये प्रलय सुरू होतो. आकाश जळतं, आणि ज्यांच्या मनात निराशा शिरते ते तिथल्या तिथे राक्षस होतात. त्यांना बघून शेजारचा घाबरतो, तोही होतो. मत्स्य एका तान्ह्या मुलाला छातीशी धरून पळतोय. मागे राक्षस आहेत, पण त्याची खरी धडपड स्वतःच्या मनाशी आहे: घाबरायचं नाही, हरायचं नाही, नाहीतर आपणच या बाळाला खाऊ. प्रसंग म्हणून हे जबरदस्त आहे. मी श्वास रोखून बघितलं. पण बघून झाल्यावर काहीतरी टोचत राहिलं, ते काय हे कळायला वेळ लागला.

ही निराशा येते कुठून? 'एन्डवॉकर' आपल्याला बारा हजार वर्षं मागे, एल्पिस नावाच्या ठिकाणी नेतो. तिथे हर्मीस नावाचा हळवा शास्त्रज्ञ आहे. त्यानं मेटिऑन नावाची पाखरासारखी निळी मुलगी बनवली आणि तिच्यासारख्या अनेक बहिणी ताऱ्यांकडे पाठवल्या, एकच प्रश्न घेऊन: तुम्ही कशासाठी जगता? जिथे गेल्या तिथे त्यांना मेलेली किंवा मरायला टेकलेली जगंच सापडली. कुठे युद्ध, कुठे रोगराई, कुठे इतकं सुख की जगण्याचा कंटाळा. त्या सगळ्या दुःखानं भरून मेटिऑननं ठरवलं की सगळ्यांना संपवणं हीच दया. विश्वाच्या टोकावरून ती निराशेचं गाणं गाते, 'डायनामिस' नावाची भावनेवर चालणारी शक्ती ते वाहून आणते, आणि इकडे मत्स्यच्या गावात माणसं राक्षस होतात.

आमच्या धंद्यात एक सवय लागते. सिस्टीममध्ये दहा ठिकाणी दहा तऱ्हेचे बिघाड दिसताहेत आणि कुणी येऊन म्हणालं की सगळ्यांचं मूळ या एका फंक्शनमध्ये सापडलं, की आधी संशय येतो. कधीकधी खरंही असतं. पण बहुतेक वेळा त्याला घरी जायची घाई असते. माझ्या आतेभावाला मी ही सगळी गोष्ट फोनवर सांगितली. त्याचं यवतमाळात खता-बियाण्यांचं दुकान आहे, गेमशी काही देणंघेणं नाही. तो म्हणाला, "म्हणजे सारं त्या एका पाखरानं केलं? मंग बाकीचे सुटले ना बे!"

याहून नेमकी समीक्षा मी वाचलेली नाही. 'शॅडोब्रिंगर्स'मध्ये आमारोट का कोसळलं हे अर्धवटच कळत होतं. जमिनीच्या पोटातून आवाज आला, लोक घाबरले, आणि मनातलं प्रत्यक्षात उतरवायची त्यांची जी विद्या होती तिनं त्यांची भीतीच जिवंत केली. त्यांची ताकदच त्यांच्यावर उलटली, आणि पुढचे निर्णय, अर्ध्या लोकांचा बळी देण्यापासून, त्यांनी स्वतः घेतले. 'एन्डवॉकर' या रिकाम्या जागेत मेटिऑनला आणून बसवतो. कोडं सुटतं, पण गोष्ट लहान होते. वर हर्मीस सगळ्यांची स्मृती पुसतो, त्यामुळे एमेट-सेल्कनं बारा हजार वर्षं जे केलं ते कशाविरुद्ध हेच त्याला माहीत नव्हतं असं ठरतं. त्याच्या दुःखाची धार त्यानं कमी झाली असं मला वाटतं.

आणि टोचत होतं ते हे. निराशा म्हणजे वाऱ्यावर येणारी बाधा, मन घट्ट असलं की टळते आणि मन कच्चं असलं की माणसाचा राक्षस होतो, हे चित्र मला ओळखीचं आहे. आमच्या जिल्ह्याबद्दल बोलताना लोक हेच चित्र काढतात. खचला बिचारा. मनानं कमजोर होता. राज्य सरकारनं २०१५ मध्ये यवतमाळ आणि उस्मानाबादमध्ये सुरू केलेल्या मोहिमेचं नाव 'बळीराजा चेतना अभियान' होतं. शेतकऱ्याकडे कमी आहे ते चेतना, असा त्या नावातून निघणारा अर्थ कुणी मुद्दाम काढला नसेल, पण निघतो. आणि २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात? कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. ती पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली होती, औषधं एकात एक मिसळलेली होती, तोंडाला मास्क नव्हता. प्रत्येक कारणाला बोट लावता येतं. त्यांच्या घरातल्यांच्या मनात पुढे जे काही आलं असेल, त्याला विश्वाच्या टोकावरच्या गाण्याची गरज नव्हती.

यावर हमखास येणारं उत्तर मला माहीत आहे: ड्रॅगनच्या गेमकडून कापसाचं अर्थशास्त्र कशाला मागतोस? मी मागत नाही. यूलमोरचा मनोरा आणि पायथ्याची रांग मी नाही लिहिली. ती याच लेखिकेनं, याच गेममध्ये, अडीच वर्षं आधी लिहिली. माझी तुलना तिच्याशीच आहे.

वेनाटबद्दलही माझी तक्रार आहे, आणि ती जास्त गंभीर आहे. वेनाटला सगळं आठवत असतं. तिला येणारा प्रलय माहीत असतो. ती अखंड जगाचे चौदा तुकडे करते, माणसाला दुबळा, अल्पायुषी, दुःखी करते, कारण दुःख सोसलेली माणसंच मेटिऑनला उत्तर देऊ शकतील असा तिचा विश्वास आहे. त्यानंतरचा प्रसंग चाहत्यांचा लाडका आहे: ती रक्तबंबाळ होत, युगामागून युग, एकटी चालत राहते. चित्रीकरण अप्रतिम, सोकेनचं संगीत त्याहून. पण तिच्या निर्णयाला गोष्टीत कुणी धड विरोध करत नाही. एमेट-सेल्कशी वाद घालायला आपल्याला तीस तास दिले होते. वेनाटला आई म्हणून नमस्कार करायचा, एवढीच सोय. दुःखानं माणूस घडतो हे दुःख वाटून देणाऱ्यानं म्हणायचं वाक्य नाही.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण रद्द करून जो गोंधळ झाला तो आठवत असेल. उद्घाटन शेवटी वैशाली येडे यांनी केलं. त्या आमच्या जिल्ह्यातल्याच, नवऱ्यानं आत्महत्या केलेल्या, आणि अशाच एकल स्त्रियांनी स्वतः रंगमंचावर येऊन केलेल्या 'तेरवं' नाटकातल्या कलाकार. त्यांच्या भाषणातला मला राहिलेला मुद्दा असा, की पुढच्या जन्मावर त्यांचा विश्वास नाही, जे काही लढायचं ते याच जन्मात. आपल्या दुःखानं आपण कशासाठी तरी घडलो, असं त्यात काही नव्हतं. दुःख कुणी लादलं हे होतं आणि आता काय करणार हे होतं. वेनाटपुढे अशी एखादी बाई उभी केली असती तर 'एन्डवॉकर' वेगळाच झाला असता.

एवढं बोलल्यावर कुणाला वाटेल की मला तो आवडलाच नाही. तसं नाही. 'एन्डवॉकर'मध्ये एक तुकडा आहे जो 'शॅडोब्रिंगर्स'लाही जमलेला नाही. बर्फात गोठलेल्या, उद्ध्वस्त गार्लमाल्डमध्ये शत्रू आपल्या नायकाचं शरीर हिरावून घेतो आणि आपल्याला एका साध्या जखमी शिपायाच्या शरीरात टाकतो. बटणं दाबून दाबून पाठ झालेली सगळी कौशल्यं गायब. पळता येत नाही, तलवार धड उचलत नाही, साधा रानटी प्राणीसुद्धा मारून टाकतो. लपतछपत, सरपटत छावणीकडे जायचं. वेळ चालू आहे, कारण आपलं खरं शरीर घेऊन शत्रू मित्रांच्या दिशेनं निघालाय. आठ वर्षं 'जगाचा तारणहार' म्हणून मिरवणाऱ्या खेळाडूला दहा मिनिटं कळतं की ज्यांना आपण वाचवतो ते कसे जगतात. अनेकांनी चिडून तक्रारी केल्या, की फार अवघड आहे, मजा येत नाही. तेच तर होतं ना त्यात! पुस्तकात किंवा सिनेमात हे करताच आलं नसतं. त्याच शहरात भुकेनं-थंडीनं मरणारे लोक मदत नाकारतात, कारण बाहेरचे सगळे जंगली, हे त्यांना लहानपणापासून शिकवलंय. अल्फिनो आणि अ‍ॅलिझे हात पुढे करून उभे आणि समोरच्या दोन बहिणी त्यांच्यापासूनच पळत सुटतात. इथे पुन्हा निराशेला कारण आहे, इतिहास आहे.

मग विश्वाचं टोक, अल्टिमा थूली. तिथे श्वास घ्यायलाही जागा नाही, म्हणून आपले सोबती एकेक करून स्वतःला संपवून रस्ता तयार करतात. पहिल्या वेळी हादरलो. दुसऱ्या वेळी हिशेब लागला. तिसऱ्या वेळी मी मनात म्हटलं, येतील परत, आणि आले. 'शॅडोब्रिंगर्स'नंही ग्राहा टियाला परत आणलंय हे मान्य, पण टेस्लीन आली नाही, आर्डबर्ट आला नाही, एमेट-सेल्कही तेव्हा आला नव्हता. 'एन्डवॉकर' त्याला क्षणभर बोलावून घेतो, फुलं उमलवतो. मलाही बरं वाटलं, खोटं का बोलू. कोविडची दोन वर्षं काढून डिसेंबर २०२१ मध्ये तासन्‌तास रांगेत थांबून लॉगिन करणाऱ्यांना (गर्दी इतकी होती की कंपनीनं गेमची विक्रीच महिन्याहून जास्त थांबवली) असं बरं वाटणं हवंच होतं. त्या हिवाळ्यात या गोष्टीनं ज्यांना धरून ठेवलं त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही.

पण उत्तर म्हणून मला जे पटतं ते 'एन्डवॉकर'च्या मुख्य कथेत नाही, नंतरच्या पॅचमध्ये आलेल्या एका जोड-कथेत आहे. बहुतेक लोक ती करतच नाहीत. विश्वाच्या त्याच टोकावर मेटिऑनच्या आठवणीतल्या मेलेल्या जगांच्या सावल्या अजून आहेत. विश्व एक दिवस थंड होऊन संपणार हे गणित सुटल्यावर जगायची इच्छा गमावलेले 'ईआ', ताऱ्यामागून तारे जिंकून शेवटी कशासाठी जिंकायचं हेच न उरलेले 'ओमिक्रॉन' नावाचे यंत्रजीव, आणि त्यांनीच ज्यांचं घर उद्ध्वस्त केलं ते ड्रॅगन. मुख्य कथेत आपण यांच्यामधून जिंकत पुढे जातो. जोड-कथेत मात्र इथे खाण्यापिण्याची एक टपरी टाकायची ठरतं. कॅफेच म्हणतात ते, पण सुरुवातीची अवस्था बघता टपरीच. मेलेले लोक येऊन बसतील, आपापल्या जगातल्या जेवणाबद्दल, पेयांबद्दल बोलतील, त्यांच्या वर्णनावरून आपण ते बनवायचा प्रयत्न करायचा.

आणि हे काम तलवारीचं नाही. गेममध्ये खाणकाम, झाडपाला तोडणं, मासेमारी अशी जी कष्टाची कामं आहेत, तीच घेऊन ही कथा करावी लागते. रोज तीनच कामं मिळतात. तिन्ही झाली की उद्या या. एखादा पदार्थ जमत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, असा नव्हता तो. परत जायचं, खणायचं, आणायचं. ज्यानं ड्रॅगनचं जग जाळलं त्याच्याच जातीचा यंत्रजीव ड्रॅगनसमोर पेला ठेवतो आणि ड्रॅगन लगेच माफ वगैरे करत नाही. कधी येतो, कधी येत नाही. मेटिऑननं विचारलेल्या प्रश्नाचा तिथे कुणी उल्लेखही करत नाही.

मला ती कथा पूर्ण करायला काही आठवडे लागले. ऑफिस सुटल्यावर वीस मिनिटं, जेवायच्या आधी. आतेभावाला याबद्दलही सांगितलं. त्यानं विचारलं, टपरी चालली का? म्हटलं, चालली. खुर्च्या वाढल्या आता.